वन बीएचकेतल्या समारंभाला जाताना

तुम्हाला कुणीतरी समारंभाला बोलावलं आहे. हॉलवर नाही, घरी. घर डोंबिवलीत, वन बीएचके, 410 फूट कार्पेट. अशा ठिकाणी पाहुण्याने कसं वागावं हे शाळेत शिकवत नाहीत. पण गेल्या रविवारी आमच्याकडे सासूबाईंचं सहस्रचंद्रदर्शन झालं आणि आलेल्या मंडळींनी जे कसब दाखवलं, ते फक्त आमच्या नात्यागोत्यापुरतं राहू नये असं फार वाटलं. म्हणून हे मार्गदर्शन. आवडल्यास फॉरवर्ड करा. न वाचता फॉरवर्ड केलंत तरी चालेल, तेच तुम्हाला जास्त जमतं.

येणार की नाही हे कळवू नका. ग्रुपवर आमंत्रण पडलं की जोडलेल्या हातांचं चित्र टाकून मोकळं व्हा. येतो, येत नाही, अजून वाचलेलं नाही, सगळं त्यात बसतं. केटररला आकडा द्यायचा म्हणून यजमानांनी फोन केलाच तर "बघू, जमवतो" म्हणावं. आणि मग पाचजणांनी यावं. बोलावलं दोघांना होतं? असेना. जावई आलेत पुण्याहून, त्यांना घरी एकटं ठेवून कसं यायचं?

संध्याकाळी सहाची वेळ दिली असेल तर पाच वाजता पोचा. त्या वेळी घरची बाई गाऊनवर असते, डोक्याला टॉवेल असतो आणि हात कणकेत असतात. "तुमचं चालू द्या, आम्ही काय घरचेच" असं म्हणून घरच्यांसारखं चहाची वाट बघत बसावं.

चपला समोरच्यांच्या दारात काढाव्यात. त्यांना आमंत्रण नाही, त्यांनाही काहीतरी मिळू दे.

आत शिरल्यावर पहिलं वाक्य ठरलेलं आहे : "छोटंसंच आहे, पण छान आहे हो घर." दुसरं वाक्य : "हॉल नाही का घेतला?" हे सगळ्यांनी आळीपाळीने विचारायचं, दाराशी एकाने, पाणी पिताना दुसऱ्याने, हात धुताना तिसऱ्याने. हॉल घेतला की केटरर हॉलवाल्यांचाच, डेकोरेशन त्यांचंच, वीज वेगळी, साफसफाई वेगळी, आणि घड्याळाकडे बघत उभा राहिलेला मॅनेजर फुकट, हे विचारणाऱ्याला ठाऊक असतं, कारण त्याने मुलीच्या साखरपुड्याला यावरूनच आपल्याकडे तासभर रडगाणं गायलेलं असतं. सासूबाईंचे गुडघे गेलेत आणि त्यांना जे काही व्हायचं ते स्वतःच्या देवांसमोर हवं होतं, हेही त्याला ठाऊक असतं. तरी विचारावं. विचारल्याने आपुलकी दिसते.

कुणीतरी एकाने कार्पेट किती, बिल्टअप किती, रेट काय चाललाय ही चौकशीही करावी. 2016 च्या रेरा कायद्याने कार्पेटची व्याख्या पक्की केली. बाहेरच्या भिंती वगळल्या, बाल्कनी वगळली, पण घरातल्या मधल्या भिंतींची जाडी मात्र धरली. म्हणजे आमच्या 410 फुटांत थोडी भिंतसुद्धा आहे. बसायला जागा नाही म्हणून ज्यांनी तोंडं वाकडी केली, त्यांच्यासाठी ती मोकळीच होती.

मग एका काकांनी चाळ काढायची. "आम्ही दहा बाय बाराच्या खोलीत चौदा माणसं राहिलो, कधी अडचण वाटली नाही." काका हल्ली घोडबंदर रोडला थ्री बीएचकेत राहतात, ते आणि त्यांची बायको, दोघंच. चाळीबद्दल ते बोलतात ते खोटं नाही. बीडीडी चाळीतली खोली 160 फुटांची. वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी, सगळीकडे तीच. तिथे बारशी झाली, साखरपुडे झाले. पण बारसं असलं की खोलीत फक्त पाळणा आणि बायका. बाप्ये बाहेर पॅसेजमध्ये, स्वयंपाक शेजारच्या खोलीत, पेंगुळलेली पोरं तिसऱ्याच कुणाच्या तरी खाटेवर. शेजारणी दुपारपासून पोळपाट-लाटणं घेऊन हजर असायच्या आणि जेवायला शेवटच्या पंगतीत बसायच्या. काकांना त्यातली माणसांची दाटी तेवढी आठवते, लाटणी आठवत नाहीत. आणि हे सांगत असताना काका थ्री सीटर सोफ्याच्या बरोब्बर मध्ये, गुडघे दोन दिशांना करून बसलेले असतात.

मोबाइल चार्ज करायचा असेल तर फ्रीजचा प्लग काढा. आत श्रीखंडच तर आहे.

बेडरूमचं दार लोटलेलं दिसलं तर उघडून दिवा लावा. आत बाळ झोपलंय का हे दिव्याशिवाय कसं कळणार?

"कृपया आहेर आणू नये" ही ओळ पत्रिकेच्या शोभेसाठी असते, असं समजून मोठ्यात मोठी वस्तू आणा. आम्हाला दोन फूट बाय तीन फुटांची फ्रेम आली. त्यात सासूबाईंचा फोटो, मागे बर्फाचे डोंगर, कडेने लुकलुकणारे दिवे, वायर, अडॅप्टर. सासूबाई आयुष्यात महाबळेश्वरच्या पुढे गेलेल्या नाहीत. आमच्या हॉलला भिंती चार. एकीवर टीव्ही, एकीला खिडकी, एकीला पुस्तकांचं आणि देवांचं कपाट, चौथीत दार. फ्रेम आणणाऱ्यांनी हातोडी आहे का विचारलं. तिथल्या तिथे, पाहुण्यांच्या डोक्यावर, लावूनच टाकत होते. सध्या ती फ्रेम मशीन आणि भिंत यांच्या मध्ये आहे आणि कपडे वाळत घालताना रोज माझ्या पोटरीला लागते.

केकही न विचारता आणावा. दोन किलोचा, वर क्रीमची गुलाबं. मेणबत्तीचे आकडे 8 आणि 1 असे मिळतात, ते उलटे लावून "आजी अठरा वर्षांच्या झाल्या" असं ओरडावं. हा विनोद आजवर कुणालाच सुचलेला नसल्यामुळे सगळे हसतात. सासूबाईंना साखर आहे. तो तपशील.

हिशेबी पाहुणा एक हवाच. आमच्याकडे होता. पौर्णिमेपासून पौर्णिमेपर्यंत सरासरी 29.53 दिवस, गुणिले हजार, म्हणजे 29,530 दिवस, म्हणजे 81 वर्षं पुरी व्हायला दोनेक महिने असताना हजारावी पौर्णिमा येते, हे त्याने फोनवर गणित करून दाखवलं. बरोबर होतं. मग त्याने सासूबाईंची जन्मतारीख विचारून, तुमच्या पौर्णिमा अजून भरल्या नाहीत, महिनाभर थांबायला हवं होतं, असा निकाल दिला. कुणी 80 वर्षं 8 महिने धरतं, कुणी एक्याऐंशीवं लागलं की करतं, गुरुजींनी दिवस काढून दिला, आम्ही केलं. पण ज्या म्हातारीला नवी साडी नेसवून पाटावर बसवलीय, तिच्या तोंडावर "अजून भरले नाहीत" म्हणायला एक प्रकारची प्रतिभा लागते.

आता मुख्य विषय, दिव्यांचा.

या समारंभात 81 दिव्यांनी औक्षण करतात. दिवे कणकेचे. माझी नणंद आणि शेजारच्या काकू दुपारी एकपासून ते करत होत्या. कणीक घट्ट भिजवायची, हळद घालायची, अंगठ्याने खळगा करायचा, वाफवायचे, निवले की तुपात भिजवलेली फुलवात प्रत्येकात. तीन पराती भरल्या. काकू आमच्या नात्यातल्या नाहीत, त्यांना कंबरेचा पट्टा लागतो, आणि त्यांनी तीन तास मांडी मोडली नाही. दिवे लावायचे म्हणजे पंखा बंद करावा लागतो. तेव्हा पाहुण्याने पहिलं कर्तव्य म्हणून "फार उकडतंय बुवा" म्हणत पंखा लावावा. बंद केला की पुन्हा लावावा. आमच्याकडे हे दोनदा झालं, काडेपेटी संपत आली, शेवटी माझे मिस्टर बटणाला पाठ लावून उभे राहिले.

आणि मग स्प्रे. तुम्हाला माहितीय कुठला. डबा हलवला की फसफसून पांढरा फेस येतो तो. वाढदिवस, हळद, निकाल, कुणाला नोकरी लागली, काहीही असो, माणसाच्या तोंडावर तो फेस मारल्याशिवाय हल्ली आनंद झाला असं धरत नाहीत. पंचविशीचा एक घोडा, नाव लिहीत नाही, तो आणि त्याचे आईबाप दोघंही हे वाचतील, खिशात एक आणि हातात एक असे दोन डबे घेऊन आला होता. अशा डब्यात फेस बाहेर ढकलायला गॅस भरलेला असतो. बहुतेक डब्यांत तो ब्युटेन आणि प्रोपेन असतो. आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये हेच दोन असतात. डब्यावर छापलेलंही असतं, ज्योतीपासून दूर ठेवा, ज्वालाचं चित्र काढून, न वाचणाऱ्यालाही कळेल असं. पण वाचायचंच नसेल तर? सिलिंडर गळला तर खिडक्या उघडतो, दिव्याच्या बटणाला हात लावत नाही, आणि तोच गॅस बारा फुटांच्या खोलीत, पेटलेल्या 81 वातींसमोर, चाळीस माणसांच्या मध्ये, एका म्हातारीच्या तोंडावर सोडायला निघतो. दार एक. दाराशी चपलांचा ढीग. खिडकीला ग्रिल. पळायचं कुठे होतं, सांगा ना. सासूबाईंचे दोन्ही डोळे मोतीबिंदूचे झालेत. अंगावर जरीची साडी. माझ्या हातात परात. परात तापलेली, हात भाजतोय, टाकता येत नाही. आणि समोरून हा डबा हलवत येतोय, टक् टक् टक्, आतली गोळी वाजतेय, आणि पोरं ओरडतायत "मार, मार".

काकूंनी त्याचं मनगट पकडलं. कंबरेच्या पट्ट्यासकट, सोफ्यावर चढून, काकांच्या मांडीवर पाय देऊन. फेसाचा झोत वळून परातीच्या कडेला गेला आणि भप्पकन हातभर जाळ झाला. एक क्षणच. कुणीतरी न विचारता लावलेली चमचमती झालर पेटली, मिस्टरांनी ती ओढून पायाखाली चिरडली. माझ्या भुवईचे केस करपले. जळक्या केसांचा वास आणि व्हॅनिलाचा वास एकत्र. सासूबाईंना काही समजलंच नाही, त्या "झालं का औक्षण?" विचारत होत्या.

आता यावर पाहुण्यांनी काय म्हणावं याचे नमुने देते, तोंडपाठ करा. त्याची आई म्हणाली, "अहो, मजा म्हणून केलं त्याने." त्याचा बाप म्हणाला, "काही झालं तर नाही ना?" एक म्हणाली, "हॉल घेतला असता तर एवढी गर्दीच झाली नसती." आणि एक मुलगी, जी सगळ्याचा व्हिडिओ काढत होती, ती म्हणाली, "परत एकदा करा ना, नीट नाही आलं."

परत एकदा.

नाही, हे मार्गदर्शन वगैरे आता मला जमत नाही. लाज नाही वाटली? ऐंशी ओलांडलेल्या बाईच्या औक्षणाला येता आणि तिच्याकडे तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी मान वर करून बघितलंही नाही. नमस्कार केला तो कॅमेऱ्यासाठी, वाकलात तेव्हा नजर फोनकडे होती. त्यांना ऐकू कमी येतं म्हणून कुणी शेजारी बसलं नाही. त्यांच्या धाकट्या बहिणीला, तीही अठ्ठ्याहत्तर वर्षांची, अर्धा तास दाराच्या चौकटीत उभं ठेवलंत, कारण खुर्चीवर तुमच्या पर्स होत्या. पर्स उचलून मांडीवर घ्यायला घर किती मोठं लागतं?

त्या पोराला मी ओरडले नाही. घरात कार्य होतं, सासूबाई पाटावर होत्या. पण आता सांगते. पंचवीस वर्षांचा आहेस, इंजिनिअर म्हणवतोस, डब्यावरची दोन ओळींची सूचना वाचता येत नाही? आणि तुझ्या आईबापांनी त्याच खोलीत, त्याच वेळी, तुझ्या कानाखाली द्यायला हवी होती. तुम्ही दिली नाहीत. तुम्ही नंतर श्रीखंड परत मागून घेतलंत. रात्री साडेदहाला काकू आमच्या मोरीत बसून तुपकट पराती घासत होत्या आणि तुम्ही ग्रुपवर टाकलंत, "खूप धमाल आली!!" खाली फेसाच्या डब्याचं चित्र. कुणाला धमाल आली? माफी नाही, विचारपूस नाही, हाताला काय झालं असं एकानेही नाही विचारलं. हाताला फोड आलाय. उजव्या.

यापुढे आमच्या घरी स्प्रेचा डबा घेऊन कुणी आलं तर दारातून परत पाठवीन, मग तो कुणाचाही मुलगा असो. येणार असाल तर आधी सांगा आणि जितके सांगाल तितकेच या. आणि ती फ्रेम ज्यांची आहे त्यांनी रविवारच्या आत घेऊन जायची. मागे दुकानाच्या स्टिकरवर तुमचं नाव लिहिलेलं आहे, तेव्हा कुणाची ते मला माहीत नाही अशा भ्रमात राहू नका.