‘80 हजारांला टर्बो जातोच’ : खुलासा

सेकंडहँड टर्बो पेट्रोल सेडानचा टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) 80 हजार किलोमीटरला जातोच, म्हणजे निकामी होतोच, असा मेसेज कोल्हापुरात फिरतोय. टर्बो किलोमीटर मोजत नाही, त्याला खराब ऑइल मारतं. जुनं, काळं ऑइल बेअरिंगपर्यंत नीट पोचत नाही, पंख्याच्या शाफ्टला प्ले येतो, म्हणजे तो सैल होऊन हलतो. म्हणून ओडोमीटरपेक्षा ऑइल बदलल्याची बिलं बघा.

गाडी सकाळी, इंजिन थंड असतानाच बघा. बॉनेट आधीच गरम असेल तर मालकाला कारण विचाराच, गरम इंजिनात स्टार्टची खडखड लपते. स्टार्ट करताना दोन-तीन सेकंद खडखड आली तर टायमिंग चेनचा टेन्शनर (इंजिनातली ही चेन ताणून धरणारा भाग) तपासा, जुन्या 1.8 टीएसआयचं (स्कोडा-फोक्सवॅगनचं टर्बो पेट्रोल इंजिन) हे नेहमीचं दुखणं, आणि चेन घसरली तर खर्च टर्बोपेक्षा मोठा. इंटरकूलरच्या (टर्बोतली गरम हवा थंड करणारा भाग) पाइपात ऑइलचा पातळ थर चालतो, साचलेलं नाही. टर्बोचा शाफ्ट बाजूला किंचित हलला तर ठीक, पुढे-मागे हलायला नको.

मग टेस्ट ड्राइव्हला पन्हाळ्याचा चढ. तिथे बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) पडला तर आधी हवेचा होज फाटलाय का बघा, लगेच टर्बो बदलायला निघू नका. सात स्पीडचा ड्राय क्लच डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) पहिल्या-दुसऱ्या गिअरला झटके देत असेल तर भावात तेवढा खर्च धरा. रीमॅप केलेली, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनचं सॉफ्टवेअर बदललेली गाडी शक्यतो नकोच.