बुगडी नेमकी कुठं सांडली?

रात्री जेवणं उरकून राजवाड्यासमोरच्या कट्ट्यावर आम्ही चौघं बसतो. अप्पा सगळ्यांत मोठे, एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. प्राचीताई शाळेत मराठी शिकवते. दिप्या लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. मी बारा वर्षं मुंबईत काढून परत साताऱ्याला आलो. परवा पेढ्याच्या दुकानात रेडिओवर ‘बुगडी माझी सांडली गं, जाता साताऱ्याला’ लागलं आणि दिप्या एक वाक्य बोलून गेला. त्या वाक्यावर साडेअकरा वाजले.

“सातारा ह्या गाण्यात म्हाताऱ्यासाठी आलाय.”

“म्हंजे?” अप्पा.

“म्हंजे चुगली म्हाताऱ्याला सांगायची नाही, तर त्याला जुळणारं गाव पायजे. सातारा जुळला. भंडारा जुळला असता तर बुगडी भंडाऱ्याच्या वाटंला पडली असती. आपण उगंच छाती फुगवतो.”

प्राचीताईला हे लागलं. ती म्हणाली, यमक कवीला सापडतं ते त्याच्या मुलखातच सापडतं. हे गाणं लिहिणाऱ्या ग. दि. माडगूळकरांचा जन्म शेटफळ्याचा, आटपाडी तालुक्यातला. शिक्षण औंधला आणि कुंडलला. औंध तर आजही आपल्याच जिल्ह्यात. “आणि हे गाणं ज्यात आहे तो ‘सांगत्ये ऐका’ सिनेमा आला १९५९ साली. त्या वर्षी सांगली जिल्ह्याचं नाव काय होतं, सांग?”

दिप्या गप्प. मीही गप्पच, कारण मलाही माहीत नव्हतं.

“दक्षिण सातारा. १९४९ ला जुन्या साताऱ्यापासून वेगळा काढला तेव्हा हेच नाव दिलं होतं, सांगली म्हणायला लागले १९६० ला. म्हणजे गाणं लिहिलं तेव्हा कवीचं स्वतःचं गाव सरकारी कागदावर साताऱ्याच्या नावाखाली होतं. त्याला भंडारा कशाला आठवेल?”

हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. शाळेपासून हे गाणं ऐकतोय, पण सातारा म्हटलं की डोळ्यांसमोर हा राजवाडा, मोती चौक, पोवई नाका. त्या बाईचा सातारा वेगळा होता. ती इथली नाहीच, ती इथं यायला निघालेली आहे. ‘जाता’ ह्या एका शब्दात अख्खा रस्ता आहे. लांबच्या खेड्यातून जिल्ह्याच्या गावाला निघालेली, कानाच्या वरच्या कडेला बुगडी घातलेली बाई. पुण्यात विजयानंद थिएटरात हा सिनेमा १३१ आठवडे चालला. त्या गर्दीत घाटावरची किती माणसं असतील, ज्यांना तो रस्ता पायाखालचा होता!

दिप्या मागं हटणारा नाही. त्याचा मुद्दा खोडसाळ नव्हता आणि मला तो आजही निम्मा पटतो. तो म्हणाला, “ताई, लिहिणाऱ्याचं सोडा. ऐकणाऱ्याचं बोला. मी हळदीला दर आठवड्याला ‘वेसावची पारू’ वाजवतो. कोरेगावात वाजवतो, वडूजला वाजवतो. पोरं अंगणात घाम फुटंस्तोवर नाचतात. एकानं तरी विचारलं का, वेसाव कुठाय? ‘या गो दांड्यावरनं’ म्हणताना दांडा म्हंजे बोटीचा का काठीचा, हेसुद्धा कुणाला ठाव नाही. गाव नसतं तरी नाचले असते.”

इथं मला बोलणं भाग होतं. मी अंधेरीला राहायचो. मेट्रोच्या डब्यावर, फलाटावर, सगळीकडं ‘वर्सोवा’ लिहिलेलं. त्याच मेट्रोनं मी रोज कामावर जायचो. कानात कधीमधी पारूचं गाणं असायचं आणि तरी पाच वर्षं माझ्या डोक्यात आलं नाही की वेसाव ते हेच. एका रविवारी सहकाऱ्यानं कोळीवाड्यात जेवायला नेलं. त्याची आई म्हणाली, “आमचा वेसावा.” तेव्हा उलगडलं. दांडा म्हणजे खारदांडा, तोही तिथून फार लांब नाही. नकाशावर इंग्रजांच्या तोंडचं नाव राहिलं. कोळ्यांच्या तोंडचं नाव त्यांच्या घरात राहिलं आणि गाण्यात राहिलं. त्या गाण्यातून गाव काढून टाकलं तर ते नाव आपल्यापर्यंत पोचायची दुसरी वाट कुठली होती? वडूजच्या अंगणातली पोरं नाचता नाचता ते नाव बरोबर उच्चारतात, ही लहान गोष्ट नाही.

“पण त्यांना ठाव नाही ना!”

“नाही. पण नाव जिवंत आहे. विचारणारा पाच वर्षांनी का होईना, विचारतो.”

अप्पा इतका वेळ तंबाखू मळत होते. ते म्हणाले, तुम्ही पोरं करमणुकीची गाणी धरून बसलाय. गोंधळ बघा. संबळ वाजायला लागलं की गोंधळी पहिल्यांदा आवतण देतो. तुळजापूरची भवानी गोंधळाला ये, कोल्हापूरची अंबाबाई गोंधळाला ये, माहूरची रेणुका, जेजुरीचा खंडोबा, पंढरपूरचा विठोबा. “नुसतं ‘देवी ये’ म्हणला तर कुठली येणार? पत्ता नको? आमच्या हाफिसात पार्सल आलं आणि गाव लिहिलं नसलं तर आम्ही घ्यायचो नाही.”

खंडोबाचं तर सासरमाहेर सगळं गाण्यात आहे, प्राचीताईनं जोडलं. म्हाळसा नेवाशाची, बाणाई चंदनपुरीची, मालेगावजवळच्या. वाघ्या-मुरळीच्या एका रात्रीच्या जागरणात नगर, नाशिक आणि पुणे असे तीन जिल्हे फिरून होतात.

मग अष्टविनायक निघालाच. १९७९ च्या सिनेमातलं जगदीश खेबुडकरांचं गाणं. अप्पांनी यात्रेच्या गाड्यांवर ड्युटी केली आहे. ते सांगतात की शास्त्राचा क्रम वेगळा: मोरगावनंतर सिद्धटेक, मग पाली, महड, आणि नंतर परत थेऊर. गाण्यात मात्र मोरगाव, थेऊर, सिद्धटेक, रांजणगाव, ओझर, लेण्याद्री, महड, पाली. “पुण्याच्या बाजूचं सगळं एका दमात, मग घाट उतरून रायगडातलं दोन. गाडीला हाच क्रम सोपा. प्रवासी काय पोथी वाचून येत नव्हते, गाणं पाठ असायचं. सिद्धटेक झालं की मागनं बाया म्हणायच्या, कंडक्टर, आता चौथा रांजणगाव!” महड आणि महाड यांत गल्लत करून भलतीकडं गेलेली माणसंही त्यांना भेटली आहेत. महड खालापुराजवळ, महाड खाली रायगडाच्या पायथ्याकडं. गाण्यात तो एक काना नाही, तेवढा नीट ऐकायचा.

दिप्यानं देवाच्या गाण्यांपुरतं मान्य केलं. राज्यगीतातल्या नद्यांवर आम्ही फार थांबलो नाही. कृष्णा-कोयना कराडला समोरासमोर भेटतात, ते आम्हाला कुणी गाण्यातून सांगायला नको.

खरा जोर चढला तो मुंबईवर. दिप्या म्हणाला, मुंबईची गाणी म्हणजे सगळी सारखी, झगमगाट आणि गर्दी. त्यावर प्राचीताईनं दोन लावण्या शेजारी ठेवल्या. पहिली पठ्ठे बापूरावांची. ‘मुंबई नगरी बडी बांका, जशी रावणाची दुसरी लंका’. शहर बघून दिपलेला माणूस. दुसरी अण्णा भाऊ साठ्यांची. ‘मुंबईत उंचावरी, मलबार हिल इंद्रपुरी’, तिथं कुबेर राहतात. आणि परळात राहतात ते रात्रंदिवस राबणारे, मिळेल ते खाऊन घाम गाळणारे.

“आता ह्यातनं मलबार हिल आणि परळ काढ,” ती दिप्याला म्हणाली. “श्रीमंत वरती राहतात, गरीब खाली राहतात, एवढंच लिही. उरलं काय?”

दिप्यानं खरंच मनात म्हणून बघितलं. तोंड हलताना दिसत होतं. मग म्हणाला, “दम जातो.”

दम जातो, कारण परळ म्हटल्यावर भोंगा येतो, चाळ येते, खानावळ येते. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडल्या. मी नोकरीला होतो ती इमारत गिरणीच्याच जागेवर उभी होती आणि आत शिरताना कुठंही त्याची खूण नव्हती. त्या लावणीत मात्र परळ अजून गिरणगावाचाच आहे.

आणि हे दोघं कुठले? बापूराव रेठरे हरणाक्षचे, अण्णा भाऊ वाटेगावचे. दोन्ही गावं वाळवा तालुक्यातली, म्हणजे जुन्या सातारा जिल्ह्यातलीच. अण्णा भाऊ तर लहानपणी बापाबरोबर पायी चालत मुंबईला गेले. अप्पांनी हे ऐकून हातातली तंबाखू तशीच ठेवली. “पायी,” एवढंच म्हणाले.

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मी बरेलीचा विषय काढला. ‘मेरा साया’तल्या गाण्यामुळं बरेलीच्या बाजारात झुमका पडला म्हणून देशभर नाव झालं आणि २०२० मध्ये त्या शहरानं येणाऱ्या रस्त्यावर भला मोठा झुमका उभा केला. त्यांचं गाणं १९६६ चं, आपलं त्याच्या सात वर्षं आधीचं. मला मनापासून वाटतं की साताऱ्यातही बुगडी असावी. चौकात दगडी नको, संग्रहालयात एक खरीखुरी असावी, नीट उजेडात, खाली ती ओळ लिहिलेली. तिच्या वर्गातल्या निम्म्या मुलींनी बुगडी बघितलेली नाही, असं प्राचीताई सांगते.

“उभी करायची तर कुठं?” दिप्यानं विचारलं. “साताऱ्यात पडलीच नाही ती. तूच म्हणलास, वाटंत पडली.”

अप्पा सावरून बसले. हा रस्ता त्यांच्या तोंडावर होता. “आटपाडीकडनं निघाली असंल तर दिघंची. मग म्हसवड, गोंदवलं, दहिवडी, पुसेगाव, कोरेगाव, मग सातारा.”

“गोंदवल्यात पडली असती तर कुणीतरी परत दिली असती,” प्राचीताई म्हणाली.

“दहिवडीला गाडी बराच वेळ थांबायची,” अप्पा म्हणाले. “सीटखाली बघितलं असतं.”

दिप्या उठून चपला घालत होता. तो थांबला.

“पुसेगाव,” तो म्हणाला. “सेवागिरीच्या यात्रेत. त्या गर्दीत कानातलं काय, पोरगं हरवलं तरी कळत नाही.”