भाऊ मागे पडलाय? एकट्याने जाऊ नका!

चर्चच्या मंडळीतला एखादा भाऊ विश्वासात थंड झाला असेल, चार-पाच रविवार उपासनेला फिरकला नसेल, तर त्याला प्रेमाने कसं समजवायचं हे आमच्याकडून शिका. अजून कुणी परत आलेलं नाही, पण पद्धत पक्की आहे.

आधी पुरावा लागतो. आमचा भाऊ रविवारी सकाळी साडेनऊला नाशिकच्या कॉलेज रोडला मिसळ खाताना सापडला, वरून पापड, वरून जास्तीचा रस्सा, म्हणजे पश्चात्तापाचं एक चिन्ह नाही! आता ज्या अंकलनी बघितलं ते उपासनेच्या वेळेला तिथे काय करत होते असं विचारायचं नसतं. ते पार्सल घ्यायला गेले होते. पार्सल घेणारा मागे पडलेला नसतो, बसून खाणारा असतो.

पुरावा मिळाला की लगेच त्याला फोन करू नका. त्याला सोडून बाकी सगळ्यांना करा. सुरुवात कायम "मनावर एक ओझं आहे हो" अशी करायची, मग "चहाडी नाही हं, प्रार्थनेसाठी म्हणून सांगते", आणि नाव तर मुळीच घ्यायचं नाही, फक्त सातपूरला कंपनीत आहे, दोन मुली आहेत, मोठी दहावीला, आधी संडे स्कूलला शिकवायचा एवढंच सांगायचं, बाकीचं पवित्र आत्मा प्रकट करतो. संध्याकाळपर्यंत देवळाली कॅम्पपासून पंचवटीपर्यंत लोक त्याच्यासाठी प्रार्थना करत असतात आणि त्याला बिचाऱ्याला पत्ताच नसतो, तो थर्ड शिफ्ट करून झोपलेला असतो.

आता पवित्र शास्त्राचं, म्हणजे बायबलचं बघू, कारण त्याच्याशिवाय आम्ही काही करत नाही. मत्तयाच्या १८व्या अध्यायात पायऱ्याच दिल्यात. १५व्या वचनात एकट्याने जाऊन दोघांतच बोला, १६व्यात ऐकलं नाही तर एक-दोघांना सोबत न्या, १७व्यात तरीही नाही तर मंडळीला सांगा. आम्ही १७ पासून सुरू करतो, वेळ वाचतो. गलतीकरांस ६:१ मध्ये सौम्यतेने ताळ्यावर आणा असं आहे, त्यातलं ताळ्यावर आणणं आम्हाला छान जमतं. नाथान संदेष्टा पाप केलेल्या दावीद राजाकडे गेला तर आधी गरीब माणसाच्या कोकराची एवढी गोष्ट सांगत बसला, राजा स्वतःच चिडेपर्यंत थांबला आणि मग म्हणाला, तो माणूस तूच. कशाला एवढं? शेवटचं वाक्य दारातच बोलून टाकायचं, चपला काढता काढता. दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र तर सात दिवस सात रात्री त्याच्या शेजारी जमिनीवर नुसते गप्प बसले, पूर्ण आठवडा वाया, आणि गंमत म्हणजे तोंड उघडल्यावरच देवाचा राग ओढवून घेतला त्यांनी. पण ते आपल्या मुद्द्यात बसत नाही, सोडा.

एक जुनी गोष्ट लोक फार कौतुकाने सांगतात. आपल्या शरणपूरच्या मिशनमध्ये गुलामीतून सोडवलेली आफ्रिकन पोरं शिकायची, त्यातला जेकब वेनराइट. १८७३ मध्ये मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेत वारला तेव्हा त्याचं शव हजार मैलांहून जास्त चालत समुद्रापर्यंत नेणाऱ्यांत हा होता. मेलेल्या माणसासाठी! बरं, पण त्याला त्र्यंबक रोडचं ट्रॅफिक कुठे लागलं होतं. आम्हाला जिवंत माणसाकडे सातपूरपर्यंत जायचं तर मिटिंग घ्यावी लागली, कुणाची गाडी, केळी कोण आणणार, शेवटी प्रार्थना कोण करणार, यात तीन आठवडे गेले.

एकदाचे गेलो. सेक्रेटरी, मिसळवाले अंकल, महिला मंडळाच्या ताई आणि मी, सोबत डझनभर केळी. दार वहिनींनी उघडलं, चौघांना बघून त्यांचा चेहरा असा झाला की जणू हप्त्यासाठी बँकेची माणसं आलीत. हा आत झोपला होता, उठून बनियनवर शर्ट चढवत बाहेर आला. सेक्रेटरींनी ठरल्याप्रमाणे दारातच "आम्ही फक्त प्रेमापोटी आलोय" म्हणून टाकलं. प्रेमाचं असं आधीच सांगून ठेवावं, नंतर समोरच्याच्या लक्षात येईलच असं नाही.

मग तो हळू आवाजात काहीतरी बोलत होता, की वडील गेल्यापासून प्रार्थनेला बसलो की शब्दच येत नाहीत, तोंड उघडतो आणि नुसता बसून राहतो, चर्चमध्ये सगळे मोठ्याने आमेन म्हणतात तेव्हा चोरासारखं वाटतं, म्हणून त्या वेळेला कुठेतरी जाऊन बसतो. असं काहीसं. मी नीट ऐकलं नाही, कारण तेवढ्यात ताईंनी नियमित दशांशाचा, म्हणजे चर्चला द्यायच्या कमाईच्या दहाव्या हिश्शाचा विषय काढला होता आणि अंकलना मिसळीचं विचारायचंच होतं.

त्याने सगळं ऐकून घेतलं. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाला, "आपण दोघांनी पाच वर्षं बरोबर संडे स्कूल घेतलं ना रे? मत्तय अठरा पोरांना तूच पाठ करून घ्यायचास. पंधरावं वचन म्हण बरं."

आता याला काय उत्तर द्यायचं? भेटायला आलेल्या माणसांना वचनं विचारणं म्हणजे मन किती कठीण झालंय बघा. खाली उतरल्यावर आम्ही पार्किंगमध्येच उभं राहून त्याच्यासाठी प्रार्थना केली आणि पुढच्या उपवास प्रार्थनेच्या यादीत त्याचं नाव वर घेतलं. केळी त्याच्याच घरी राहिली. चहा मात्र मस्त होता, गवती चहा घालून, वहिनींनी नाही, त्यानेच केला होता.