सारांश नको, पान उघडा!

दरवर्षी तेच! 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी वाचायला दिली की दुसऱ्या दिवशी मुलं मोबाइलवरचा सारांश घेऊन हजर. "बाई, विधवांचे हाल हाच विषय ना? मग एवढं जाड पुस्तक कशाला?"

अरे, पण हे सांगतंय कोण? नायिका यमू स्वतः! हरिभाऊ आपटे हा पुरुष, १८९० मध्ये सुरू झालेल्या 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः लिहितोय आणि बोलतेय मात्र एक मुलगी. वडिलांचा धाक, आईचं मुकाट सोसणं ती लहानपणीच्या नजरेनं सांगते. तिला तेव्हा न कळलेलं आपल्याला कळतं आणि पोटात कालवतं. हे सारांशात कुठून येणार? तिचे पती रघुनाथराव तिला शिकवतात ती पानं सावकाश वाचली नाहीत, तर पुढे विधवा झाल्यावर तिचे केस जबरदस्तीनं काढले जातात तेव्हा काय हिरावलं जातंय हे कळणारच नाही.

वर पालक विचारतात, "हे किती मार्कांना?" आणि हे आपल्या बडोद्यात! सयाजीरावांनी १९०६ मध्ये संस्थानभर मुलींनाही सक्तीचं शिक्षण दिलं, त्या गावात! मार्कांना नाही हो. पण वर्गात मी ती वाचून घेणारच, एका तासाला एकच पान झालं तरी.