तेच गाणं, पुन्हा कुणीतरी

"हल्ली कुणाला नवीन काही सुचत नाही, म्हणून जुनीच गाणी उगाळत बसतात." पुण्यात कुठल्याही कट्ट्यावर दहा मिनिटं बसा, हे वाक्य ऐकू येणारच. मला ते अजिबात पटत नाही. नुसतं उगाळायचंच असतं तर जुन्या गाण्यांचा काय तोटा आहे? मग जगभरचे गायक फिरून फिरून त्याच मूठभर गाण्यांकडे का जातात?

गाणं चांगलं असतं म्हणून, हे उत्तर अर्धवट आहे. 'बोहेमियन ऱ्हाप्सडी' काय वाईट आहे? पण ते गाणारे बहुतेक जण क्वीन या मूळ ब्रिटिश बँडची नक्कलच करतात, कारण ते स्टुडिओत आवाजावर आवाज चढवून बांधलेलं गाणं आहे. त्यातलं काही काढायला जावं तर ओळखूच येईना. उलट बीटल्स या चौघांच्या बँडचं १९६५चं 'येस्टरडे' बघा. एकटा मॅकार्टनी, त्याची गिटार आणि सोबतीला दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो. बाकीचे तिघं त्यात वाजवतच नाहीत. दोन मिनिटांत खेळ खलास. गाण्यातली ती का गेली? माहीत नाही, तिनं सांगितलं नाही. एवढंच. आता त्या न सांगितलेल्या कारणात ज्यानं त्यानं आपापलं दुःख ठेवावं. नुसत्या पेटीवर वाजवलं तरी ते गाणं उभं राहतं. त्याची हजारो रेकॉर्डिंग झाली ती उगाच नाही.

माझं म्हणणं असं, की पहिल्या गायकानं काहीतरी शिल्लक ठेवलेलं असलं तरच पुढच्याला हात घालावासा वाटतो.

'हॅलेलूया'ची गोष्ट तर याहून मजेशीर. लेनर्ड कोहेन या कॅनडाच्या कवी-गायकानं ते १९८४च्या अल्बममध्ये गायलं, आणि त्याच्या अमेरिकी कंपनीनं तो अल्बम तिकडे काढायलाच नकार दिला. कोहेननं त्या गाण्याची ढीगभर कडवी लिहून ठेवली होती. जॉन केलनं ती मागवून घेतली, आपल्याला हवी ती निवडली आणि १९९१मध्ये पियानोवर, अगदी साधेपणानं गायलं. ते ऐकून जेफ बकलीनं १९९४मध्ये गिटारवर गायलं. पुढे 'श्रेक' या कार्टूनपटात वाजलं, मग टीव्हीवरच्या स्पर्धांमध्ये. २००८च्या नाताळात तर ब्रिटनच्या गाण्यांच्या खपाच्या यादीत पहिल्या नंबरवर 'एक्स फॅक्टर' जिंकलेल्या मुलीचं 'हॅलेलूया' आणि दुसऱ्यावर बकलीचं! म्हणजे आज आपण ज्याची कव्हर (एकाचं गाणं दुसऱ्यानं आपल्या पद्धतीनं गाणं, ते कव्हर) ऐकतो, तेच मुळात कव्हरचं कव्हर आहे. कडवी सुटी आहेत, कुठलीही घ्या. देवाचं म्हणा, प्रेमाचं म्हणा, लग्नात म्हणा, मयताला म्हणा.

मागे गुडलक चौकातल्या कलाकार कट्ट्यावर एक मुलगा तेच गात होता. गिटारची एक तार उतरलेली, पाठीमागे पीएमपी बसचा हॉर्न, इंग्रजी उच्चार थेट सदाशिव पेठी. शेवटच्या कडव्याला, जिथे सगळे आवाज चढवतात, तिथे तो एकदम खाली आला, जवळजवळ बोललाच. शेजारी भेळ खाणाऱ्या दोघींचे हात थांबले. गाण्याला काहीही धक्का लागला नाही.

हे आपल्याला नवीन आहे असंही नाही. १९५५-५६मध्ये आकाशवाणी पुणे केंद्रावरून गीतरामायण आठवड्याला एक गीत असं गेलं, तेव्हा त्यातली गाणी माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे अशा वेगवेगळ्या गायकांनी गायली होती. नंतर बाबूजींनी, म्हणजे सुधीर फडक्यांनी, सगळी स्वतः मंचावर गायली, आणि घराघरात कानात बसली ती तीच. चाल त्यांचीच होती, तेव्हा हक्काचंच म्हणा. पण पहिला गळा विसरला गेलाच की!

कधीकधी मात्र एखादं कव्हर दार लावूनही घेतं. 'आय विल ऑल्वेज लव्ह यू' डॉली पार्टननं १९७४मध्ये हळुवार निरोपासारखं गायलं. एल्विसला ते गायचं होतं, पण त्याच्या मॅनेजरनं निम्मे प्रकाशन-हक्क मागितले आणि बाईंनी साफ नाही म्हटलं. (शाबास.) १९९२मध्ये व्हिटनी ह्यूस्टननं ते अशा उंचीवर नेऊन ठेवलं, की आता प्रत्येक स्पर्धेतली मुलगी तो एकच वरचा सूर गाठायला धावते. निरोप राहिला बाजूला.

गाणी अशी पुन्हा गायली जाण्यात कायद्याचाही हात आहे. अमेरिकेत ठरलेली रॉयल्टी भरली की रेकॉर्ड झालेलं गाणं पुन्हा गायला संगीतकाराची परवानगी मागत बसावं लागत नाही, आणि ही सोय १९०९पासूनची. आपल्याकडे २०१२च्या कायदादुरुस्तीपासून, गाणं पहिल्यांदा रेकॉर्ड झाल्यावर पाच वर्षं थांबावं लागतं. पण निव्वळ सोय आहे म्हणून कुणी एखाद्या गाण्याच्या प्रेमात पडत नाही.

आता खरं दुखणं. आपल्या शहरात कराओकेचे ग्रुप इतके झालेत, की नाट्यगृहाची तारीख मिळायची मारामार. हौसेला माझी ना नाही. निवृत्तीनंतर माईक हातात घेणाऱ्या काकांचं तर मला कौतुकच आहे. पण तयार साथसंगीताचा ट्रॅक लावला की लय ठरलेली, म्युझिक पीस ठरलेले, कडव्यापूर्वी किती थांबायचं तेही ठरलेलं. पट्टी तेवढी बदलता येते. एखादी ओळ पुन्हा घ्यावीशी वाटली तर ट्रॅक पुढे निघून गेलेला असतो. शंभर जण तेच गाणं गातात आणि शंभर वेळा एकच गाणं ऐकू येतं. काकांनो, एका कार्यक्रमात एक तरी गाणं नुसत्या पेटी-तबल्यावर घ्या. चुकलं तर आम्ही टाळ्या वाजवू, फक्त लॅपटॉप बंद ठेवा.