पुण्यात पळायला जायचंय? जागाच जागा आहेत

शूज घेतले ना? जाड फोमवाले, बायकोला किंमत निम्मी सांगितलेले? मग आता माघार नाही. पुण्यात पळायला जागाच नाही असं रडणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका, अहो 1983 पासून इथे इंटरनॅशनल मॅरेथॉन सुरू झालीय, पार केनिया-इथिओपियाचे लोक इथे येऊन पळून गेले, तुम्हालाच काय धाड भरलीय?

सुरुवात फुटपाथवरून करा. सपाट ट्रॅकवर काय कोणीही पळतं. इथे आधी उचकटलेला पेव्हर ब्लॉक, मग दार लटकणारा विजेचा डीपी, मग झाकण तिरकं बसलेलं चेंबर, त्यावरून उडी मारली की थेट वडापावच्या गाडीसमोर लँडिंग, म्हणजे हर्डल्सची प्रॅक्टिस फुकटात. मागून अ‍ॅक्टिव्हाने हॉर्न दिला तर निमूट खाली रस्त्यावर उतरायचं, फुटपाथ त्यांचा आहे, तुम्ही पाहुणे. वाद घातलात तर "एवढी हौस आहे तर ग्राउंडवर जा ना" हे ऐकून घ्यायची तयारी ठेवा. (ग्राउंडवर लग्नाचा मांडव असतो, तो भाग वेगळा.)

जंगली महाराज रोडचा फुटपाथ मात्र खरंच ऐसपैस केलाय. म्हणूनच तिथे चार मैत्रिणी एका ओळीत चालू शकतात आणि पाचवी उलटं चालत त्यांचा फोटो काढू शकते.

स्पीड वाढवायचाय? पहाटे पाचला कुठल्याही सोसायटीच्या मागची गल्ली धरा. तिथली कुत्री कोचसारखी महिन्याची फी घेत नाहीत आणि त्या दोनशे मीटरचा पेस पळणं मोजणाऱ्या स्ट्राव्हा अ‍ॅपला पण खरा वाटत नाही.

नदीपात्रातला रस्ता पण मस्त, फक्त श्वास घ्यायचा नाही. पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि भिडे पूल बुडाला की त्याच रूटवर ट्रायथलॉन होतं.

चढाची प्रॅक्टिस पर्वतीवर. पायऱ्या 103 म्हणतात, मोजायला दम उरत नाही. अर्ध्यात तुम्ही गुडघे धरून उभे असताना माकडटोपीतले एक आजोबा, हातात काठी, खिशातल्या मोबाईलवर अभंग, तुम्हाला ओलांडून वर जातील, वरून खाली येतील, आणि तुम्ही अजून तिथेच असाल. "पहिल्यांदाच का?" एवढंच विचारतील. हो म्हणा, रोज येत असाल तरी.

सिंहगडचं नाव काढू नका, तिथे लोक पिठलं-भाकरी खायला जातात आणि घामाचं निमित्त सांगतात.

आणि खरंच मोकळं, झाडीतलं, मोरांचा आवाज येणारं काही हवं असेल तर वेताळ टेकडी. पण लवकर जा हं. पहाटे लवकर असं नाही म्हणत, तिच्या पोटातून बोगदे आणि अंगावरून बालभारती-पौड फाटा रस्ता न्यायचे प्लॅन कागदावर आहेत, 2023 मध्ये हजारो लोक त्याविरुद्ध रस्त्यावर उतरले होते, तर ते कागद पुढे सरकायच्या आत उरकून घ्या.