बत्तीस अक्षरांचा जाच
१९९४ साली जपानात आलेले प्लेस्टेशन हे खेळयंत्र टीव्हीला जोडून सीडी घातली की खेळ सुरू होत असे. मग तोच खेळ परभणीतल्या माझ्या जुन्या संगणकावर एम्युलेटरने, म्हणजे त्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमने, चालवताना चित्रासाठी एक प्लगइन (वरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम), आवाजासाठी दुसरे, सीडी वाचण्यासाठी तिसरे आणि कंट्रोलरसाठी चौथे मीच का निवडत बसावे? चित्र सुधारले की आवाज फाटतो, आवाज सावरला की पडदा काळा! वर खेळाची फाइल अस्सल आहे की नाही हे पाहण्यासाठी एमडी-५ची, म्हणजे फाइलवरून काढलेल्या ठशाची, ३२ अक्षरे डोळे फाडून जुळवायची, आणि विसाव्या अक्षरापर्यंत आलो की आमची वीज जाते (उन्हाळ्यात तर हे ठरलेलेच). एकदाची सगळी जुळली, तर सीडीच्या मांडणीची नोंद असलेल्या क्यू फाइलमध्ये, खरा डेटा असलेल्या बिन फाइलचे नावच चुकलेले! अवघ्या २ एमबी रॅमच्या त्या डब्यासाठी मी आणखी किती रात्री जागवायच्या?